कॉर्क व्हाया दीक्षाभूमी

कॅफेत आयरिश फोक लागलं की आपण मान डोलावतो. पण आयर्लंडला जाऊन पहिलं बक्षीस जिंकून आलेला आणि शेवटचा श्वास आपल्या नागपुरात घेतलेला शाहीर तुमच्या प्लेलिस्टमध्ये आहे का?

परवाचा शनिवार. आठवडाभराच्या डेडलाइन्स एकदाच्या मेल करून टाकल्या होत्या आणि मी मैत्रिणीसोबत सदरमधल्या एका कॅफेत मस्त पाय पसरून बसले होते. काचेबाहेर रेसिडेन्सी रोडचा नेहमीचा गोंगाट, हॉर्नची जुगलबंदी. आत एसी, कोल्ड कॉफी आणि स्पीकरवर गाणारी एक बाई...

बाई म्हणजे कशी? ना ऑटोट्यून, ना बीट्स. खडबडीत, मोकळा गळा आणि सोबतीला फक्त बॅन्जो. भर बाजारात उभं राहून हाक मारावी तसा आवाज. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅम, आयरिश फोक आहे. वीकएंडला हेच चालतं." मी लगेच मोबाइलवर शोधाशोध केली. मार्गारेट बॅरी, गाव कॉर्क, आयर्लंड. "किती कूल ना!" मी म्हटलं.

"कॉर्क?" मैत्रिणीनं स्ट्रॉ बाजूला ठेवली. "आमचे उमप तिथूनच तर पहिला नंबर घेऊन आले होते!"

"कोण उमप?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की काही विचारू नका. "तुले विठ्ठल उमप माहीत नाही? अन् मासकॉमची डिग्री घेऊन बसली!"

खरं सांगते, कोल्ड कॉफीची चवच गेली. मग दोन-तीन आठवडे मी उमपांच्या आवाजामागे लागले. त्याचीच ही गोष्ट.

रस्त्यावरची बाई आणि टेप रेकॉर्डर

आधी त्या कॅफेतल्या बाईंबद्दल थोडं. मार्गारेट बॅरी १९१७ मध्ये कॉर्क शहरात जन्मल्या. घराणं भटक्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं. जत्रा, आठवडी बाजार, फुटबॉलची मॅच, जिथं गर्दी तिथं बॅन्जो घेऊन उभं राहायचं आणि गायचं. हेच पोटापाण्याचं साधन. १९५१ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स नावाचा अमेरिकन संग्राहक आपलं भलंमोठं टेप मशीन घेऊन आयर्लंडभर फिरत होता. त्यानं या बाईंचं गाणं रेकॉर्ड केलं. पुढे त्या लंडनच्या पबमध्ये गायल्या, त्यांच्या एलपी निघाल्या. १९८९ मध्ये त्या गेल्या, पण आवाज आज सदरच्या कॅफेपर्यंत पोचलाय.

गंमत पुढेच आहे. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर'. ते त्या कुणा आजीकडून शिकल्या असतील असं वाटतं ना? नाही! ते त्यांनी जॉन मॅककॉर्मॅक या बड्या गायकाच्या ग्रामोफोन रेकॉर्डवर ऐकून उचललं. म्हणजे रेकॉर्डवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून पुन्हा रेकॉर्डवर. लोकगीत म्हणजे काही तरी प्राचीन, धूळ बसलेलं, हा माझा समज इथंच पंक्चर झाला. ते मशीनला अजिबात घाबरत नाही. उलट मशीनवर बसून फिरून येतं.

आपल्याकडेही नेमकं हेच झालं. फरक एवढाच, की तिकडे आवाजाबरोबर नावही जपलं गेलं. आणि इकडे?

नायगावचा पोरगा

विठ्ठल उमप यांचा जन्म १५ जुलै १९३१ चा, मुंबईतल्या नायगावचा. नायगाव म्हणजे बीडीडी चाळींचा, कामगारांचा भाग. गिरण्यांचा भोंगा, चाळीतली भजनं, गणपतीचे मेळे आणि त्याच काळात जोरात असलेले आंबेडकरी जलसे. १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलशातून बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला. आपल्या दहा भाषणांचं काम कर्डकांचा एक जलसा करतो, असं खुद्द बाबासाहेब म्हणायचे, असं सांगतात. ज्या घरात पेपर येत नव्हता आणि आला तरी वाचता येत नव्हता, तिथं गाणं हाच पेपर होता.

अशा हवेत वाढलेला मुलगा गाणार नाही तर काय करणार! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा उमप पंचविशीत होते. दोनच महिन्यांत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतरच्या पिढीचं दुःख आणि उमेद ज्या गळ्यांनी गायली त्यात वामनदादा कर्डक होते, प्रल्हाद शिंदे होते आणि उमपही होते. 'माझी वाणी भीमाचरणी' हे उमपांच्या गीतसंग्रहाचं नावच सगळं सांगून जातं.

पण त्यांना फक्त भीमगीतांच्या कप्प्यात बसवता येत नाही. पोवाडा म्हणा, हजर. कोळीगीत म्हणा, हजर. गोंधळ, भारूड, लावणी, बतावणी, सगळं हजर. वर कव्वाली गायची आणि गझलही लिहायची. 'ये दादा आवार ये' ऐकताना वाटतं, हा माणूस जन्मभर होडीतच राहिला असणार. 'फू बाई फू' ऐकलं की वाटतं, नाही, हा तर अंगणातल्या फुगडीतला! एकाच गळ्यात एवढी गावं राहत होती.

आणि १९८३ मध्ये हा गळा थेट कॉर्कला पोचला. तिथल्या आंतरराष्ट्रीय लोकसंगीत महोत्सवात उमपांनी भारताचं प्रतिनिधित्व केलं आणि पहिलं पारितोषिक घेऊन आले. विचार करा, मार्गारेट बॅरीच्या गावात, जिथं लोकांना गाण्यातलं खरं-खोटं चटकन कळतं, तिथं मराठीचा एक शब्द न कळणाऱ्यांनी आपल्या शाहिराला पहिला नंबर दिला.

मला त्यात फारसं आश्चर्य वाटत नाही. आयर्लंडच्या जुन्या पद्धतीच्या गायनात एक सुंदर रीत आहे. कुणी तरी साथीशिवाय गात असतो आणि शेजारचा ऐकणारा त्याचा हात हातात घेऊन हळूहळू फिरवत राहतो. म्हणजे, 'गा, मी आहे!' आपल्या पोवाड्यात शाहिरामागचे झीलकरी 'जी जी' म्हणत सूर धरून ठेवतात. ते काय वेगळं सांगतात? 'गा शाहीर, आम्ही आहोत!'

तीन मिनिटांत मावणारा शाहीर

आता रेकॉर्डिंगचं बघू. जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. पुढे ईपी आल्या, एलपी आल्या, पण गाण्याला तीन मिनिटांचीच सवय लागली होती. शाहिराचा तर सगळा कारभार ऐसपैस! आधी गण, मग गवळण, मग बतावणी. समोरच्याला चिमटा काढायचा, पुढच्या रांगेतल्या पोराला हसवायचं, पोवाडा रंगला की वाढवायचा. हे सगळं तबकडीत कोंबायचं कसं? मग काटछाट. ध्रुवपद, दोन-तीन कडवी, ढोलकीचा एक तुकडा आणि खलास!

तरी उमपांचा आवाज एचएमव्हीच्या रेकॉर्डवर आला, आकाशवाणीवरून गावोगाव गेला. मग १९८० च्या दशकात कॅसेटचा पूर आला. आजच्या स्टार्टअपसारख्या छोट्या-छोट्या कंपन्या निघाल्या. स्वस्तात रेकॉर्डिंग, स्वस्तात कॉप्या. ज्यांच्यासाठी मोठ्या कंपन्यांचं दार अर्धंच उघडायचं, त्या लोकगायकांना बाजार मिळाला. आपल्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या स्टॉलशेजारी कॅसेटचे ढीग लागायचे. लोक रात्रभर प्रवास करून यायचे आणि परतताना एक पुस्तक, एक कॅलेंडर आणि दोन कॅसेट घेऊन जायचे. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, पेन ड्राइव्ह आला. गाणी तीच.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट मात्र रस्त्यात सांडत गेली. नावं! गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, ढोलकीवर कोण, कुठल्या साली रेकॉर्ड झालं... कॉपीची कॉपी होताना हे सगळं पुसत गेलं. मी स्वतः एका म्युझिक अ‍ॅपवर शोधलं, तर 'उमप' तीन वेगवेगळ्या स्पेलिंगमध्ये सापडले आणि अर्ध्या गाण्यांना ना गीतकार, ना साल. डब्लिनमध्ये १९८७ पासून पारंपरिक संगीताचं स्वतंत्र संग्रहालय आहे. खेड्यातल्या एखाद्या म्हातारीचं गाणंसुद्धा तिथं नाव, गाव, तारीख लावून ठेवलेलं असतं. आपल्याकडे असं काहीच झालं नाही असं नाही. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बायांची नावं-गावंही जपली. शाहिरांच्या वाट्याला हे भाग्य फार कमी आलं.

एका जांभळाची गोष्ट

उमप म्हटलं की जाणकार एकच शब्द उच्चारतात... 'जांभूळ आख्यान'. मला वाटलं, असेल एखादं मोठं गाणं. ते निघालं अख्खं लोकनाट्य! इंडियन नॅशनल थिएटरच्या लोककला संशोधन केंद्रात अशोकजी परांजपे यांच्यासारखी मंडळी गावोगावच्या परंपरांचा शोध घेत होती. त्या वातावरणातून 'खंडोबाचं लगीन' आलं, 'जांभूळ आख्यान' आलं. या आख्यानाचे पाचशेहून जास्त प्रयोग झाल्याचं सांगतात.

गोष्ट तुम्हाला महाभारताच्या सीरियलमध्ये सापडणार नाही. द्रौपदीच्या मनात कर्ण भरतो. पाच नवरे असताना सहावा! कृष्णाला ते कळतं. मग वनातलं एक जांभूळ तोडलं जातं आणि ते पुन्हा देठाला लागायला हवं, तर प्रत्येकानं आपल्या मनातलं खरं बोलायचं, अशी अट पडते. जो तो खरं बोलतो, पण द्रौपदी अडते. शेवटी ती कर्णाचं नाव घेते, तेव्हा कुठे जांभूळ देठाला लागतं.

काय धाडस आहे बघा! एका बाईच्या मनातली इच्छा, आणि तीही त्या काळी 'हलक्या कुळातला' म्हणून हिणवलेल्या माणसाबद्दलची. ती लपवली म्हणून गोष्ट अडते आणि बोलून दाखवली म्हणून सुटते. शिक्षा नाही, शाप नाही. फक्त खरं बोलायचं! आपल्या सो कॉल्ड बोल्ड वेब सीरिजच्या कितीतरी आधी हे गावच्या पारावर चाललं होतं. उमप ते अंगात भिनवून गायचे. आता द्रौपदी, आता कर्ण, तर आता मिश्कील कृष्ण. गळा तोच, पण माणूस बदलायचा.

आणि हेच नेमकं तीन मिनिटांत मावत नाही. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये आपल्याला मिळतो तो उमपांचा एक तुकडा. मोलाचा आहे, पण तुकडाच.

व्हॉल्यूम किती ठेवायचा?

"तू ऐकतेस का अजून?" मी मैत्रिणीला विचारलं होतं. ती इंदोऱ्यात वाढलेली, आता एका आयटी कंपनीत. इंदोरा म्हणजे आपल्या सदरहून कामठी रोडनं दहा मिनिटांवर!

"रोज. पण इअरफोन लावून."

"का?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, कॉलेजात असताना तिच्या मोबाइलला भीमगीताची रिंगटोन होती. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, लिफ्टमध्येच, तिनं ती बदलली. कुणी काही म्हटलं नव्हतं. कुणी काही म्हणू नये म्हणून बदलली.

मी गप्प. कारण २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला होता आणि वाद सुरू झाला होता तो त्याच्या मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून. ती बातमी मी वाचली होती, विसरले होते. ती विसरली नव्हती.

मग माझ्या लक्षात आलं, की प्रश्न आवडीनिवडीचा नाहीच. कॉर्कच्या रस्त्यावरची भटकी बाई आपल्याला 'कूल' वाटते, कारण ती लांबची आहे. तिला तिच्या गावात कोण कुठल्या नजरेनं बघायचं, हे आपल्याला माहीत नाही. उमप जवळचे आहेत. ते गातात तेव्हा आपल्या गल्लीबद्दल, आपल्या आडनावांबद्दल गातात. लांबचं लोकगीत आपण स्पीकरवर लावतो आणि जवळचं कुणाला तरी इअरफोनमध्ये लपवावं लागतं. हे काही बरोबर नाही ना?

२६ नोव्हेंबर

सदरहून निघालं, झीरो माइल आणि बर्डी मागं टाकली, की ट्रॅफिक असलं तरी अर्ध्या तासात दीक्षाभूमी येते. २६ नोव्हेंबर २०१० ची संध्याकाळ. तिथं 'लॉर्ड बुद्धा' या टीव्ही वाहिनीच्या उद्घाटनाचा सोहळा होता. एकोणऐंशी वर्षांचे उमप कार्यक्रमासाठी मुंबईहून आले होते. ते मंचावर उभे राहिले आणि तिथंच कोसळले. पुन्हा उठले नाहीत.

तारीख बघा. १९४९ मध्ये याच दिवशी संविधान सभेनं संविधान स्वीकारलं होतं. आणि जागा बघा. एखाद्या शाहिराच्या आयुष्याचा शेवट कुणी कादंबरीत असा लिहिला असता, तर आपण म्हटलं असतं, 'फारच फिल्मी!'

मैत्रीण तेव्हा आठवीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बाबांनी ट्रंकेतून कॅसेट काढल्या आणि दिवसभर एकामागून एक लावल्या. एक कॅसेट अडकली, तर पेन्सिल घालून फिरवली. बाबा रडले नाहीत, फक्त दर गाण्याआधी नाव सांगत राहिले. हे उमपांचं. हे वामनदादांचं. हे पुन्हा उमपांचं. "तेव्हा वाटायचं, बाबा हे का सांगतायत? आता कळतं. कव्हरवर नाव नव्हतं ना!"

उमपांची मुलं आजही गातात. नंदेश उमप यांनी 'जांभूळ आख्यान' पुन्हा रंगमंचावर आणलं आणि वडिलांच्या स्मृतीप्रीत्यर्थ 'मृद्गंध' पुरस्कारही सुरू केला. ज्यांना उमपांना 'बघायचं' आहे त्यांनी २००८ चा 'टिंग्या' पाहावा. त्यात गाणारे नाहीत, पण म्हातारे, शांत उमप भेटतात.

तुम्हाला ऐकायचंय?

सुरुवात कोळीगीतांनी करा. ऑफिसला जाताना, बाइकवर नव्हे हं, मेट्रोत! मग एक पोवाडा ऐका आणि त्यात मागचे झीलकरी कुठं सूर उचलतात तिकडं कान द्या. मग भीमगीतं, शब्द समजून घेत, सावकाश. 'जांभूळ आख्यान' मात्र तुकड्यांत ऐकू नका. प्रयोग लागला तर तिकीट काढा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी मोबाइल सायलेंट करून व्हिडिओ बघा. येत्या ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीच्या स्टॉलवर एक चक्कर मारा. आणि घरात जुन्या कॅसेट असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी कव्हरवरचं साल आणि नावं तेवढी लिहून ठेवा. गाण्याचा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवताना गायकाचं नाव टाइप करा. पाच सेकंद लागतात.

मागच्या शनिवारी आम्ही पुन्हा त्याच कॅफेत गेलो. स्पीकरवर पुन्हा बॅन्जो. मैत्रीण उठली, काउंटरवर गेली आणि त्या मुलाला काही तरी म्हणाली. त्यानं खांदे उडवले आणि तिचा मोबाइल स्पीकरला जोडून दिला.

आधी ढोलकी आली, मग तो गळा. काचेच्या आतलं ते थंडगार, गुळगुळीत वातावरण एकदम ढवळून निघालं. लॅपटॉपवर मान घालून बसलेल्या दोघांनी वर बघितलं. काउंटरवरचा मुलगा बोटांनी ठेका धरू लागला. शेजारच्या टेबलावरच्या एकीनं वळून विचारलं, "मस्त आहे हे! कोण गातंय?"

"शाहीर विठ्ठल उमप," मैत्रीण म्हणाली. सगळ्या कॅफेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.